वामडोहाची खोली

मला आयुष्यात पहिलं काम मिळालं ते मासे कुठे आणि कसे राहतात हे मोजायचं, आणि ते काम देणाऱ्या माणसाला पोहता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. त्यामुळे सीना नदीच्या काठाने आम्ही दोघं जी काही शास्त्राची सेवा करत हिंडलो, ती बहुतेक कोरड्या पायांनीच. आज सावेडीच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिताना मला हसू येतं. पण ते हसू फार चांगल्या जातीचं नाही, हे आधीच सांगून टाकते. खांबेटे सरांना हसायला मला आवडतं. स्वतःला हसायची वेळ आली की मात्र मी चहा ठेवायला उठते.

आमचं घर नगर जिल्ह्यातल्या कर्जतला, तहसील कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. भाड्याच्या तीन खोल्या, मागे न्हाणी आणि पाण्याचा हौद. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत अव्वल कारकून होते. समोर पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्याची फटफट सकाळी सुरू व्हायची ती दुपारच्या जेवणापर्यंत, आणि ती थांबली की अण्णांच्या टाइपरायटरचा आवाज ऐकू यायला लागायचा. कचेरीतलं अर्धं काम ते घरी आणत. आई स्वयंपाकघरात हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळत बसलेली असे. लसणाची फोडणी पडली की टाइपरायटर क्षणभर थांबायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. अण्णा बोलत कमी. एखाद्या अर्जात काना-मात्रा चुकलेली दिसली तर अर्ज करणाऱ्याला परत बोलावून दुरुस्त करून घेत, आणि त्यापायी लोक त्यांना मागे बरंच काही म्हणत. आमच्या घरात मासा हा शब्द मत्स्यावतारापुरता उच्चारला जाई. अशा घरातली मुलगी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन आली आणि नदीवर जाऊ लागली, तेव्हा आईने एकच नियम केला. संध्याकाळी आल्यावर उंबरा ओलांडायचा नाही, मागच्या दाराने थेट न्हाणीत जायचं.

"अगं, मी मासे धरत नाही," मी तिला समजवायचे. "मासे राहतात ती जागा मोजते. किती रुंद, किती खोल, तळाला दगड आहेत की गाळ, सावली किती, लपायला जागा किती."

"म्हणजे माशांची तलाठी झालीस म्हण की," आई म्हणाली. "सातबारा कुणाच्या नावावर काढतेस?"

तेव्हा मला राग आला होता. पुढे आयुष्यभर अनेक विद्वानांच्या तोंडून या कामाच्या व्याख्या ऐकल्या. आईच्या व्याख्येजवळ त्यातली एकही पोचली नाही.

खांबेटे सर एका महाविद्यालयात शिकवत. कोणत्या, ते सांगत नाही. असे सर त्या काळी कुठेही मिळत आणि आजही मिळतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक सरकारी काम आलं. सीनेच्या एका वळणावर नदी सरळ करून काठाने रस्ता काढायचा होता, आणि खोदलेला मुरूम, दगड नदीतल्याच एका खोलगट भागात लोटायचा होता. त्यासाठी एक कागद हवा होता की या भागात माशांना राहण्याजोगं काही आहे किंवा नाही. कागद कोणाला कसा हवा होता ते सरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला नव्हतं. मी एकवीस वर्षांची होते आणि छापील तक्त्यावर माझा ठाम विश्वास होता.

पद्धत वाईट नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. नदीच्या धारेवर ठरावीक पावलांवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गाठी मारलेला दोर ताणायचा. दोराखाली तीन ठिकाणी उभं राहून खुणांच्या काठीने खोली घ्यायची. मग खाली न बघता हात घालून जो पहिला दगड बोटांना लागेल तो उचलायचा आणि मोजायचा, म्हणजे आपल्याला आवडलेलाच दगड उचलला असं होत नाही. मला ते फार आवडायचं. डोळे मिटून खरं बोलायला लावणारी असली शिस्त मी दुसऱ्या कुठल्या शास्त्रात पाहिली नाही. पण त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं, आणि सर बाभळीखाली घडीच्या खुर्चीवर बसून राहत. त्यांच्या डोक्यावर छत्री, मांडीवर तक्ता, गळ्यात थांबघड्याळ.

पाण्याचा वेग मोजायला काहीतरी तरंगणारं सोडायचं असतं. सरांनी घरून संत्रं आणलं होतं. मी ते धारेत सोडलं. ऐन उन्हाळा, वळणावरचं पाणी थबकलेलं. संत्रं जिथल्या तिथे गोल फिरत राहिलं. सरांनी घड्याळ चालू केलं, बराच वेळ चालू ठेवलं, मग बंद केलं. "वेग शून्य," ते म्हणाले. "वाहतं पाणी नाही, म्हणजे प्राणवायू नाही. गुण शून्य. आण ते इकडे." आणि ते संत्रं सोलून त्यांनी खाल्लं. मला चार फोडी दिल्या, मीही खाल्ल्या. पुढे एका पाझर तलावावर पाण्याचा नितळपणा पाहायला काळी-पांढरी थाळी दोराने सोडायची होती. ती खरं तर आत, खोल पाण्यात जाऊन सोडतात. सरांनी ती बांधावरून, काठालाच सोडली. थाळी वीतभर खाली चिखलात टेकली आणि साहजिकच दिसत राहिली. "तळापर्यंत नितळ," सरांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो खोलगट भाग म्हणजे वामडोह. वाम हा सापासारखा लांब मासा. डोहाच्या नावातच तिथे कोण राहतं ते सांगून ठेवलेलं. नदी आटली की मागच्या-पुढच्या धारेतले सगळे मासे त्या एका डोहात येऊन पावसाळ्याची वाट बघत. हे तिथल्या भोयांना माहीत होतं. तक्त्यात नावाचा रकाना नव्हता, म्हणून आम्हाला माहीत नव्हतं.

डोहाच्या पलीकडच्या काठाला गयाबाई जाळं सुकवत बसलेली असे. उन्हाने रापलेली, पन्नाशीची भोईण; नवरा गेल्यापासून दिरांबरोबर डोह धरायची. आमचं काम ती रोज बघायची, तमाशा बघावा तशी. ज्या दिवशी दोर डोहावर ताणला, त्या दिवशी मी सलवार गुडघ्याच्या वर खोचून काठी घेऊन उतरले. चार पावलं झाली, पाणी मांड्यांना लागलं. पाचवं पाऊल टाकलं आणि खाली काही नव्हतंच. काठी हातातून सुटली, नाकातोंडात पाणी गेलं, दोराला लोंबकळत कशीबशी मागे आले. काठावर बसून खोकत होते तेव्हा पलीकडून गयाबाई ओरडली, "ताई, म्होरं नगा जाऊ! तितं हत्ती बुडंल! आमाला ईचारा, आमी सांगतो!"

बाभळीखालून सर म्हणाले, "लागलं का कुठं? नाही ना? मग लिही, एक मीटर दहा."

"सर, पण तिथे तळ लागला नाही."

"अगं, एका ठिकाणी कमी-जास्त झालं म्हणून काय बिघडतं? सरासरीत जातं सगळं."

मी लिहिलं. आता जे सांगते ते सांगायला मला बरीच वर्षं लागली. सरांनी एकच आकडा सांगितला होता, रकाने तीन होते. तिन्हीत एक मीटर दहा लिहिलं असतं तर कोणालाही शंका आली असती. म्हणून एका रकान्यात मी पंचाण्णव सेंटिमीटर घातलं आणि दुसऱ्यात एक मीटर पाच. मनानेच. दिसायला खरं दिसावं म्हणून. केस ओले, अंग थरथरतंय आणि अक्षर वळणदार. खाली 'मोजणी करणार' असं छापलेलं होतं, तिथे सही केली. सर आळशी होते. खोटेपणातली कलाकुसर माझी होती.

अहवाल टाइप करायला सरांना कोणी मिळेना, तेव्हा अण्णांनी आपण होऊन तो घरी आणला. ते माझे आकडे एकेक करून वाचत आणि टाइप करत होते. वामडोहाच्या पानाशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे तिन्ही आकडे बरोबर आहेत ना?" मी शेंगोळ्यांच्या ताटावरून मान न उचलता हो म्हणाले. शेवटच्या पानावर माझं नाव आलं तेव्हा त्यांनी कागद फिरवून आईला दाखवला. आईने हात पुसून तो बघितला आणि म्हणाली, "नावापुढे कुमारी लिहिलंत ते बरं केलंत." आमच्या घरातला आनंद एवढ्याच आवाजात होत असे.

अहवालावर निर्णय घ्यायला डोहाजवळच्या गावातल्या शाळेत बैठक भरली. वर्गात बाकांवर गावकरी, समोर टेबलामागे एक साहेब, त्यांच्या शेजारी खांबेटे सर, आणि कोपऱ्यात फायली घेऊन अण्णा. कचेरीतर्फे त्यांनाच पाठवलं होतं. मी सरांच्या मागे उभी. सरांनी अहवाल वाचला. सरासरी खोली, सरासरी रुंदी, वेग शून्य, आसरा नगण्य, एकूण दर्जा निकृष्ट. इतक्या शुद्ध मराठीत नदीची निंदा मी पुन्हा ऐकली नाही. गावकऱ्यांना वाटलं, एवढे जड शब्द आहेत म्हणजे मोजलंच असणार.

गयाबाई दाराशी उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "सायेब, वामडोहाची खोली कुनी मोजली?"

"आमच्या सर्वेक्षकांनी," सर म्हणाले. "सही आहे."

"ह्या ताईनं? ती तर बुडाया लागली हुती. म्या समोर व्हते. तळ तिला लागलाच न्हाई."

सर हसले. "बाई, हे शास्त्र आहे. जाळं टाकण्याइतकं सोपं नसतं."

काही लोक हसले. जे हसले त्यांच्यातल्या एकालाही दोन्हींतलं काहीच येत नव्हतं. साहेब माझ्याकडे वळले. कंटाळलेले होते, पुढे त्यांना नगरला जायचं होतं. "काय हो ताई, मोजलंत ना? हो म्हणा म्हणजे पुढे जाऊ."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. सांग, घाबरू नकोस, अशी. त्यांना खात्री होती की मी मोजलंय. गयाबाईचा डोह, तिच्या दिरांची जाळी, हे सगळं मनात यायला हवं होतं, आलं नाही. मला फक्त टाइपरायटरवर वाकलेले अण्णा दिसले.

"नाही," मी म्हणाले. "मोजली नाही. पहिला आकडा सरांनी सांगितला, पुढचे दोन मी मनाने घातले."

सर म्हणाले, "मुलगी घाबरलीय," आणि साहेबांनी फाईल मिटली. नंतर चहा आला. कपांचा ट्रे टेबलावरून सुरू झाला, बाकांवरून फिरला, दाराशी गयाबाईलाही एक कप मिळाला, आणि माझ्यासमोरून तो तसाच पुढे गेला. शिक्षा करायची तर कशी करावी हे आपल्याकडच्या बैठकांना फार चांगलं कळतं. अण्णांनी कागद गोळा केले आणि ते कचेरीच्या जीपमध्ये बसून गेले. मी एस. टी. ने आले.

यानंतर सत्याचा विजय झाला असं कोणाला वाटत असेल तर त्याने ती आशा सोडावी. फेरमोजणीचा हुकूम निघाला, पण फेरमोजणी करायला कोणी फिरकलं नाही. डोह वाचला तो वेगळ्याच कारणाने. ठेकेदाराचे ट्रक त्या वाटेवरच्या काळ्या मातीत रुतायला लागले आणि त्याला डोहाच्या अलीकडेच एक जुनी खाण सापडली. मुरूम तिकडे गेला. खांबेटे सरांना पुढे बढती मिळाली. परवाच आमच्या इमारतीतला एक मुलगा मला लॅपटॉपवर दाखवत होता, ड्रोन उडवून अख्खी नदी कशी मोजतात ते. निळी, हिरवी, फार देखणी नदी होती. "यात पाण्यात कोण उतरतं?" मी विचारलं. "उतरावंच लागत नाही ना काकू," तो आनंदाने म्हणाला. मी त्याला चिवडा दिला.

त्या बैठकीनंतर घरी मात्र अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावून नव्हे, ताटावर बसत, जेवत, उठत, आणि मी समोर असूनही नसल्यासारखी. असे पंधरा दिवस गेले. या पंधरा दिवसांत मी मनातल्या मनात स्वतःचा छोटासा पुतळा उभा केला. भर सभेत खरं बोललेली मी, आणि साहेबापुढे पोरीने नाक कापलं म्हणून तोंड फिरवून बसलेला बाप. कारकून तो शेवटी कारकूनच, असंही एकदा आईला म्हणाले. आईने कणीक मळता मळता माझ्याकडे नुसतं बघितलं. तिने एवढ्या तुच्छतेने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. ते बघणं कशासाठी आहे हे मला कळलं नाही.

एका शनिवारी दुपारी दाराशी गयाबाई उभी. डोक्यावर तेलाचा पत्र्याचा डबा, त्याला धरायला वरून तार बांधलेली, तोंडावर ओलं फडकं. आई पुढे झाली.

"ताई हायती का? त्यांच्यासाठनं आनलंय," गयाबाई म्हणाली आणि फडकं बाजूला केलं. डब्यात हातभर लांब मरळ वेटोळं करून होती. काळपट, जिवंत. मधूनच तोंड वर काढून हवा घेत होती. "पोरीनं खरं सांगितलं. आमचं तर कोन ऐकत न्हाई. दुसरं काय देनार आमी?"

ज्या घरात मासा उच्चारत नसत त्या घराच्या उंबऱ्यावर तो श्वास घेत होता. मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले. आई म्हणाली, "आत या. उन्हाच्या आला आहात."

"नगं बाई, अंगाला वास हाय."

"या हो. ह्या घराला सवय झालीय त्याची."

गयाबाई आत आली. आईने तिला शेंगोळे वाढले, वर तेल घातलं, पुन्हा वाढले. गयाबाईने ते बोटं चाटून खाल्ले आणि म्हणाली, "ह्ये बी वामीवानीच दिसत्यात की!" आई हसली. माझ्यादेखत आई परक्या बाईबरोबर इतकी मोठ्याने हसलेली मला ती एकच वेळ आठवते. गयाबाई गेल्यावर तिने डबा हौदाच्या सावलीला ठेवला, त्यात ताजं पाणी घातलं आणि मला म्हणाली, "मारवत नाही आणि ठेववत नाही. उद्या रविवार आहे. जिथली तिथे सोडून ये."

सकाळी मी न्हाणीपाशी गेले तर डबा जागेवर नव्हता. अण्णा अंगणात उभे होते. कोट, टोपी, कपाळाला गंध, आणि हातात तार बांधलेला डबा. माझ्याकडे न बघता ते चालायला लागले. मी मागून निघाले. कचेरीसमोरून गेलो, गिरणीसमोरून गेलो. रविवारचा बाजार भरत होता आणि ओळखीचे निदान वीस लोक तरी भेटले. डब्यातलं पाणी हिंदकळून अण्णांच्या पायजम्यावर सांडत होतं. ते कोणाशी थांबून बोलले नाहीत आणि कोणाला चुकवूनही गेले नाहीत.

एस. टी. मध्ये कंडक्टर म्हणाला, "भाऊसाहेब, काय हाय डब्यात?"

"मरळ," अण्णा म्हणाले.

"म्हंजी मासा? आन् तुमी?" त्याने गंधाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"दोन तिकिटं द्या. तिचं लागत असेल तर तीन द्या."

फाट्यावर उतरून डोहापर्यंत अर्धा तास चालावं लागलं. मध्ये मी डबा घेऊ का म्हणून हात पुढे केला, तो त्यांनी पाहिला नाही किंवा पाहून सोडून दिला. ऊन चढलं होतं. डोहाचं पाणी काळं आणि गप्प होतं. अण्णांनी चपला काढल्या, पायजमा वर केला, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून डबा हलकेच आडवा केला. मरळ क्षणभर त्यांच्या पायाशी थांबली. मग शेपटी एकदा हलली आणि ती सरळ खाली गेली. अण्णा ती गेली तिकडे बराच वेळ बघत राहिले.

"खोली किती आहे याची?" त्यांनी विचारलं. पंधरा दिवसांतलं मला उद्देशून पहिलंच वाक्य.

मी पाण्याकडे बघितलं. "माहीत नाही," मी म्हणाले.

अण्णांनी डबा पाण्यात विसळला, पालथा करून निथळू दिला.

"मग तेवढंच लिहायचं होतंस," ते म्हणाले.